पंचवीस आणि पन्नास : व्हिडिओला सिनेमाचे रूप देण्याचा इतिहास

सन २००४ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी आळंदीच्या परिसरातील एका वृद्ध पखवाजवादकाचे चित्रीकरण केले. गावात सगळे त्यांना नुसते 'बुवा' म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. वय ऐंशीच्या पुढचे, दृष्टी मंदावलेली. पण डाव्या पुडीला कणीक लावून बुवा मांडी घालून बसले की बोटे मात्र तिशीतली होत. आमच्याजवळ उसना आणलेला एक मिनी-डीव्ही कॅमेरा होता. पाच दिवसांत पाच कॅसेटी भरल्या. पुण्याला परतल्यावर त्या टीव्हीला जोडून पाहिल्या आणि आम्ही हिरमुसलो. चित्र स्वच्छ होते, आवाज उत्तम होता, बोटांची हालचाल स्पष्ट दिसत होती. तरीही काहीतरी बिनसले होते. शेवटी आमच्यातला एक जण म्हणाला, "लग्नाच्या कॅसेटसारखं दिसतंय रे."

पुढचे दोन महिने आम्ही संगणकापुढे बसून या एका वाक्यावर उपाय शोधला. तो सापडलाही. त्याची किंमत काय पडली हे लेखाच्या अखेरीस येईलच. तोपर्यंत आम्हाला एका जुन्या प्रश्नाचा माग काढावयाचा आहे. लग्नाची कॅसेट आणि सिनेमा यांतला फरक नेमका कशात असतो? कथा, नट, पैसा या गोष्टी क्षणभर बाजूला ठेवल्या, तरी आवाज बंद करून पाच सेकंद पाहणारा माणूससुद्धा 'हा सिनेमा' आणि 'ही मालिका' असे बिनचूक सांगतो. हे डोळ्यांना कोणी शिकवले? आणि व्हिडिओला सिनेमाचा वेष चढवण्याचा जो उद्योग गेली तीन-साडेतीन दशके संकलनाच्या टेबलावर चालला आहे, त्यात मिळवले काय आणि गमावले काय?

आरंभ फिल्मच्या रूपापासूनच केला पाहिजे. आज ज्याला आपण 'सिनेमॅटिक' म्हणतो त्यातला बहुतेक भाग कोणी सौंदर्यासाठी निवडलेला नव्हता. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा चौकटी, अठरा, वीस, कधी त्याहून अधिक असा वेग बदलता असे आणि प्रक्षेपकाचा वेग तर थिएटरवाल्याच्या मर्जीवर. आवाज आला तेव्हा ही मोकळीक संपली. फितीच्या कडेवर ध्वनी उमटवावयाचा तर ती स्थिर वेगाने, आणि पुरेशा वेगाने, धावली पाहिजे. उलट वेग जितका अधिक तितकी फीत अधिक, म्हणजे खर्च अधिक. या ओढाताणीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चौकटी हा आकडा रूढ झाला. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी बसतात. त्या हिशेबाने मिनिटाला ९० फूट फीत लागते. २४ हा आकडा असा व्यवहारातून आला. डोळ्याला तो थोडा कमीच पडतो. नुसत्या २४ चौकटींनी पडदा लुकलुकला असता, म्हणून प्रक्षेपकाच्या झडपेने प्रत्येक चौकट दोनदा, कधी तीनदा दाखवावयाची युक्ती करावी लागली.

दुसरी गोष्ट झडपेची. कॅमेऱ्यात फीत पुढे सरकत असताना प्रकाश अडवावा लागतो. त्यासाठी अर्धवर्तुळाकार झडप फिरते आणि ढोबळमानाने निम्मा वेळ फीत अंधारात असते. म्हणजे प्रत्येक चौकटीवर सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग इतकाच काळ उमटतो आणि तेवढाच काळ निसटतो. सिनेमात धावणाऱ्या माणसाचे पाय किंचित पुसट दिसतात, कॅमेरा वळला की भिंती थरथरतात, हे सारे त्या उमटलेल्या आणि निसटलेल्या काळामुळे. तिसरी गोष्ट कणांची. फितीवरील रौप्यक्षारांचे कण प्रत्येक चौकटीत निराळ्या जागी असतात, त्यामुळे स्थिर भिंतसुद्धा पडद्यावर बारीक श्वास घेते. चौथी गोष्ट उजेडाची. निगेटिव्ह अतिप्रकाशाला एकाएकी हार जात नाही. खिडकीबाहेरचे ऊन हळूहळू पांढऱ्यात विरत जाते.

थोडक्यात, 'सिनेमाचे रूप' म्हणजे यंत्राच्या मर्यादांची एक गाठोडी. त्या गाठोडीतून चांगली सात दशके जगातील बहुतेक मोठ्या कथा सांगितल्या गेल्या आणि मर्यादांचाच मग संकेत झाला. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे 'एकदा काय झाले'.

व्हिडिओचा जन्म निराळ्या घरात झाला. दूरचित्रवाणी मुळात थेट प्रक्षेपणाचे माध्यम. आता घडते आहे ते आताच दाखविणारे. चुंबकीय फितीवर ते चित्र साठविणारे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६ साली आणले, तेव्हाही कल्पना अशीच होती की थेट कार्यक्रम थोड्या वेळाने पुन्हा दाखवता यावा. व्हिडिओचे चित्र एकदम उमटत नसे. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशा दोन अर्ध्या चित्रांत ते विणले जाई. या अर्ध्या चित्राला 'फील्ड' म्हणतात. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, अमेरिकेत जवळपास ६०. प्रत्येक फील्ड स्वतंत्र क्षणी टिपलेले असते. म्हणजे ओळी अर्ध्या असल्या तरी काळाचे तुकडे ५०. सिनेमाच्या दुपटीहून अधिक. व्हिडिओतली हालचाल म्हणूनच पाण्यासारखी वाहती, खिडकीतून पाहिल्यासारखी दिसते.

हे दोन्ही एकाच कार्यक्रमात शेजारीशेजारी आले की फरक लपत नसे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मालिकांत खोलीतली दृश्ये स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरची १६ मिलिमीटर फिल्मवर घेण्याची रीत अनेक वर्षे होती. पात्राने दार उघडून अंगणात पाऊल टाकले की जगाचा पोतच बदले. प्रेक्षकांना याची इतकी सवय होती की १९७० साली मॉन्टी पायथनच्या मंडळींनी त्यावरच एक प्रहसन रचले. त्यातील सभ्य गृहस्थांना बाहेर डोकावताच आपण फिल्मने वेढलो गेलो आहोत असा शोध लागतो आणि ते घाबरून आत पळतात.

आपल्याकडे ही शिकवण जरा वेगळ्या वाटेने आली. १९८२ च्या एशियाडबरोबर दूरदर्शन रंगीत झाले. १९८४ मध्ये 'हम लोग' आणि १९८७ मध्ये 'रामायण' या व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिका घरोघरी पोहोचल्या. रविवारचा सिनेमाही त्याच पेटीत लागे. पण पाल पद्धतीत २४ चौकटींचा सिनेमा सेकंदाला २५ च्या वेगाने दाखवत. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट टीव्हीवर सुमारे १४४ मिनिटांत संपे आणि आपल्या लाडक्या गायकांचा आवाज अर्ध्या स्वराच्या जवळपास चढा लागे. एवढे होऊनही सिनेमा सिनेमाच दिसे, कारण २४ चे २५ झाले तरी ते ५० झाले नव्हते. याच दशकात व्हिडिओ कॅमेरा मांडवात शिरला. हळद, मंगलाष्टका, जेवणाच्या पंगती, सासरी निघालेल्या मुलीचे रडणे, सारे पन्नास फील्डांत. आमच्या पिढीच्या डोळ्यांनी समीकरण पक्के केले : फिल्म म्हणजे कथा आणि व्हिडिओ म्हणजे बातमी, मालिका नि लग्न. एकाला प्रतिष्ठा होती, दुसऱ्याला नव्हती. 'लग्नाच्या कॅसेटसारखं' या शेऱ्यात तंत्र थोडे होते आणि ही उतरंड पुष्कळ होती.

ही उतरंड लबाडीने ओलांडण्याचे प्रयत्न तंत्रज्ञांनी लवकर सुरू केले. १९९० च्या आगेमागे कॅलिफोर्नियातील फिल्मलुक नावाच्या कंपनीने अमेरिकन टीव्हीसाठी व्हिडिओवरील चित्रीकरणाला फिल्मची चाल आणि कण देण्याची सेवा सुरू केली. खर्च वाचवावयाचा म्हणून शूटिंग व्हिडिओवर, पण प्रेक्षकाला वाटावे फिल्म, असा हा सौदा. ब्रिटनमध्ये अशाच प्रक्रियेला 'फिल्माइझिंग' असे नाव पडले. २००५ साली 'डॉक्टर हू' ही जुनी मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा ती व्हिडिओवरच चित्रित झाली होती. फिल्मचे रूप तिला नंतर देण्यात आले.

खरा बदल १९९५ मध्ये झाला. त्या वर्षी डीव्ही हे डिजिटल स्वरूप बाजारात आले आणि सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा त्याबरोबर आला. एका तारेने कॅमेरा संगणकाला जोडून चित्र जसेच्या तसे आत घेता येऊ लागले. १९९९ मध्ये फायनल कट प्रो आले आणि ज्या संकलनासाठी पूर्वी लाखो रुपयांची यंत्रे लागत ते घरच्या टेबलावर येऊन बसले. त्याच १९९५ साली डेन्मार्कमध्ये लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस व्हिंटरबर्ग यांनी 'डॉग्मा ९५' चा जाहीरनामा काढला. कृत्रिम प्रकाश नको, प्रकाशीय करामती आणि फिल्टर नकोत, कॅमेरा हातात धरावा, असे त्यांचे दहा नियम. गंमत अशी की नववा नियम चित्रपट ३५ मिलिमीटरवरच असावा असे सांगत होता. व्हिंटरबर्गचा 'फेस्टन' (१९९८) मात्र हातात मावेल एवढ्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झाला. नियमाचा अर्थ मग असा लावण्यात आला की प्रदर्शनाची प्रत ३५ मिलिमीटरची असली म्हणजे झाले. अँथनी डॉड मँटल या छायालेखकाने ते बारके, पिवळट, अंधारात दाणेदार होणारे चित्र ३५ मिलिमीटरवर उतरविले. एका श्रीमंत कुटुंबाच्या मेजवानीत मुलगा बापाचे पाप उघड करतो, अशी कथा. ते चित्र सिनेमासारखे गुळगुळीत नव्हते आणि व्हिडिओसारखे कोरडेही राहिले नव्हते. कोणीतरी नातेवाईक कॅमेरा घेऊन त्या खोलीत अडकला आहे असा भास होई. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले.

याच डॉड मँटलने २००२ मध्ये डॅनी बॉइलचा '२८ डेज लेटर' कॅननच्या एक्सएल-१ या डीव्ही कॅमेऱ्यावर केला. ओस पडलेले लंडन दाखवावयाचे होते आणि पहाटे रहदारी थांबवण्यासाठी मिनिटेच मिळत होती. हलके, स्वस्त कॅमेरे अनेक ठिकाणी एकदम लावता आले म्हणून ती दृश्ये शक्य झाली. चित्रपटाचा शेवटचा, आशेचा भाग मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला आहे. विनाश व्हिडिओवर आणि सुटका फिल्मवर! उतरंड इथे सौंदर्यशास्त्र होऊन बसलेली दिसते. पुढे २००८ च्या 'स्लमडॉग मिलिओनेर' साठी हाच छायालेखक छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन मुंबईच्या गल्ल्यांत फिरला आणि त्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळाले. तोपर्यंत व्हिडिओचा वनवास संपत आला होता.

आता संकलनाच्या टेबलावर नेमके काय घडे ते पाहू, कारण इतिहासाचा गाभा तिथे आहे. २००२ मध्ये स्टू माशविट्झ याने सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द ऑर्फनेज' या आपल्या कंपनीत 'मॅजिक बुलेट' नावाचे साधन तयार केले आणि त्याच वर्षी पॅनासोनिकने डीव्हीएक्स-१०० हा अमेरिकेत २४ आणि पालच्या प्रदेशात २५ पूर्ण चौकटी टिपणारा स्वस्त कॅमेरा आणला. ज्यांच्याजवळ तो कॅमेरा नव्हता, म्हणजे आमच्यासारखे बहुतेक सारे, त्यांचे काम नंतर संगणकावर चाले.

पहिली पायरी काळाची. ५० फील्डांचे २५ चौकटींत रूपांतर करावयाचे. दोन फील्ड एकमेकांत मिसळले तर हलणाऱ्या वस्तूला भुतासारखी दुसरी कडा येते. म्हणून बहुधा प्रत्येक जोडीतले एक फील्ड सरळ फेकून देत आणि उरलेल्याच्या मधल्या ओळी अंदाजाने भरून काढीत. योगायोग असा की पाल कॅमेऱ्यात एका फील्डचा काळ सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे फिल्मच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या अगदी जवळ. एक फील्ड टाकले की निम्मा काळ निसटतो आणि झडपेचा तो जुना अंधार आपोआप परत येतो. म्हणून ही युक्ती इतकी परिणामकारक ठरे.

दुसरी पायरी चौकटीची. ४:३ चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या लावून ते रुंद करीत. पालच्या ५७६ ओळींपैकी १४४ ओळी त्या पट्ट्यांखाली जात आणि ४३२ उरत. तिसरी पायरी उजेडाची आणि रंगाची. गडद भाग अधिक गडद, मध्यम भाग उचललेला, तेजस्वी भाग दबलेला, असा इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र लावीत. पण व्हिडिओत जे ऊन एकदा पांढरे झाले त्यात काही शिल्लक नसे; वक्राने ते फक्त राखाडी होई. शिवाय पालच्या डीव्हीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथाईच असते, त्यामुळे आकाश निळे करावयास जावे तर चौकोनी ठिकऱ्या दिसू लागत. चौथी पायरी कणांची : इतका खटाटोप करून दोष लपवल्यावर वरून फिल्मचे दोष शिंपडावयाचे. कोणी ओरखडे घाली, कोणी चौकटीला बारीक डगमग देई.

या यादीकडे पाहिले की ध्यानात येते, प्रत्येक पायरीवर काही ना काही टाकले जात होते. काळ निम्मा, ओळी पाऊण, रंग त्याहून कमी. मिळत होते ते फक्त साम्य.

मालेगावचे उदाहरण इथे आठवल्यावाचून राहत नाही. नाशिक जिल्ह्यातील या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट साध्या व्हिडिओवर केला. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात या मंडळींची कामाची रीत दिसते. सायकल हीच त्यांची ट्रॉली आणि बैलगाडी हीच क्रेन. हिरव्या कापडापुढे त्यांचा सुपरमॅन उडतो. पैसा नसताना सिनेमा त्यांनी कशात पाहिला? कणांत आणि रंगांत मुळीच नाही. कॅमेरा कसा सरकतो, कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य येते, खलनायक चौकटीत कुठून शिरतो, यांत. वर्षानुवर्षे पार्लरमध्ये सिनेमे दाखवून त्यांनी व्याकरण उचलले होते आणि ते पन्नास फील्डांतही चालते हे गावातल्या प्रेक्षकांनी गर्दी करून मान्य केले. आम्ही पुण्यात 'दिसणे' दुरुस्त करीत होतो. मालेगावकरांनी 'सांगणे' हस्तगत केले होते. त्यांच्या कामाकडे आज पाहताना आम्हाला आमच्या दोन महिन्यांचा थोडा संकोच वाटतो.

इकडे व्हिडिओ फिल्मकडे निघाला असताना फिल्मही संगणकाकडे निघाली होती. कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) मिसिसिपीत भर उन्हाळ्यात, हिरव्यागार झाडीत चित्रित झाला. दिग्दर्शकांना हवा होता जुन्या छायाचित्रासारखा कोरडा, धुळकट पिवळा रंग. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी जवळपास संपूर्ण चित्रपट स्कॅन करून संगणकावर त्याचे रंग बदलले आणि पुन्हा फिल्मवर उतरवले. दहा वर्षांत ही रीत सार्वत्रिक झाली. रंगकार नावाचा माणूस संकलनाच्या शेजारच्या खोलीत कायमचा बसला. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हा छायाचित्रणाचा कॅमेरा व्हिडिओही टिपू लागला आणि मोठ्या संवेदकामुळे मागचे सारे धूसर करणारी चौकट, जी लहान व्हिडिओ कॅमेऱ्यांना साधतच नसे, ती लग्नाच्या मांडवातही आली. आता लग्नाची कॅसेटच सिनेमासारखी दिसू लागली! २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. कोडॅक त्यातून सावरली आणि फिल्म आजही बनते, काही दिग्दर्शक ती आग्रहाने वापरतात. पण नित्याचे माध्यम म्हणून तिची सत्ता संपली.

माध्यम गेले आणि रूप उरले. आजचे डिजिटल कॅमेरे फिल्मपेक्षा अधिक टिपतात आणि त्यांच्या चित्रावर विशिष्ट जुन्या फिल्मांच्या रंगांचे साचे चढवले जातात. 'ड्यून' (२०२१) डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला, मग ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवला गेला आणि ती फिल्म पुन्हा स्कॅन करून डिजिटल करण्यात आली. मधला प्रवास केवळ पोतासाठी. २०१८ मध्ये निश्चित झालेल्या एव्ही-वन या व्हिडिओ-संक्षेपाच्या मानकात तर अशी सोय आहे की पाठवताना चित्रातील कण काढून टाकावेत, त्यांचे वर्णन सोबत द्यावे आणि पाहणाऱ्याच्या यंत्राने तसेच नवे कण निर्माण करून चित्रावर पेरावेत. जे कण प्रेक्षक पाहतो ते त्या फितीवर कधीच नव्हते.

उलट दिशेने जाणाऱ्यांचे काय झाले? मायकेल मान यांनी 'पब्लिक एनिमीज' (२००९) मध्ये १९३० च्या दशकातील दरोडेखोरांची कथा डिजिटल कॅमेऱ्यावर, व्हिडिओचे रूप फारसे न लपवता दाखवली. भूतकाळ इतका 'आता' दिसल्याने अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले. पीटर जॅक्सन यांनी २०१२ मध्ये 'द हॉबिट' सेकंदाला ४८ चौकटींनी दाखवला, तेव्हा तो मालिकेसारखा दिसतो अशी तक्रार झाली. नव्या टीव्हींत मधल्या चौकटी स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. ती बंद करा अशी विनंती करणारी चित्रफीत टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये प्रसृत केली. सवयीची मुळे खोल आहेत. आम्ही त्या सवयीची थट्टा करणार नाही. तीच आमचीही आहे.

तथापि एक प्रकरण आम्हाला या साऱ्यांहून महत्त्वाचे वाटते. १९६० च्या दशकातील 'डॉक्टर हू' चे अनेक भाग व्हिडिओवर झाले होते. बीबीसीने त्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. जे भाग वाचले त्यांतले बरेच परदेशी विक्रीसाठी पडद्यावरून फिल्मवर उतरवलेल्या प्रतींत वाचले, म्हणजे ५० फील्डांच्या जागी २५ चौकटी. या शतकाच्या आरंभी पीटर फिंकलस्टोन यांनी 'व्हिडफायर' नावाची प्रक्रिया तयार केली. ती दोन चौकटींमधला क्षण गणिताने अंदाजून पुन्हा ५० फील्डांची चाल निर्माण करते. ज्या वर्षांत जगभर लोक व्हिडिओची फिल्म करीत होते त्याच वर्षांत काही जण फिल्मची पुन्हा व्हिडिओ करीत होते, कारण १९६० च्या दशकातल्या प्रेक्षकाने जे पाहिले ते तसे होते. रूप ही नुसती प्रतिष्ठेची बाब नसते, ते पुरावाही असते, हे त्यांना उमगले होते.

आता बुवांकडे वळू. आमच्या दोन महिन्यांच्या कामात आम्ही वर सांगितलेली प्रत्येक पायरी चढलो. पट्ट्या लावल्या, वक्र लावला, कण शिंपडले आणि सर्वांत आधी प्रत्येक जोडीतले एक फील्ड टाकून दिले. तयार झालेला चाळीस मिनिटांचा लघुपट ओळखीच्या मंडळींना दाखवला तेव्हा एकाने "हे फिल्मवर केलं का?" असे विचारले, त्या दिवशी आम्ही जेवण बाहेर केले. डीव्हीच्या एका तासाला १३ जीबी जागा लागे. आमची हार्ड डिस्क ८० जीबीची होती आणि तिच्यावर पुढचे काम उभे होते. मूळ चित्रीकरण पुसले. कॅसेटींना पैसे पडत, म्हणून पुढच्या कामाला त्याच पाचही कॅसेटी वापरल्या. बीबीसीने जे केले तेच, त्याच कारणासाठी आणि त्याच निर्धास्तपणे.

बुवा २००६ मध्ये गेले. काही वर्षांपूर्वी त्यांच्याच परंपरेत शिकणारा एक तरुण आमच्याकडे आला. बुवांचा हात त्याला अभ्यासावयाचा होता. आम्ही लघुपट लावला. एका जलद परणीपाशी त्याने चित्र थांबवले, एकेक चौकट पुढे-मागे केली आणि विचारले, "दादा, इथं दोन बोलांच्या मधे बोट कुठून उचललंय ते दिसत नाही. याच्या मधलं काही आहे का?" मधलं होतं. सेकंदाला पंचवीस फील्ड आमच्याकडे होती आणि आम्ही ती सिनेमासाठी फेकली होती.

मधल्या चौकटी रचून देणाऱ्या आजच्या संगणकीय साधनांची आठवण त्याने करून दिली. आम्ही ती वापरून पाहिलीही. चित्र सुरेख वाहू लागले, बोटे सलग उठू-पडू लागली. मग त्याच तरुणाने पखवाज पुढे ओढून त्या हालचालीप्रमाणे बोल वाजवून पाहिला आणि मान हलवली. ते बोट बुवांचे नव्हते. शेजारच्या दोन चौकटींवरून यंत्राने केलेला तो तर्क होता, आणि तो बोल तशा हाताने निघत नव्हता.

आम्ही सिनेमाच्या रूपाच्या विरोधात नाही. आजही बुवांच्या लघुपटातील संध्याकाळचे दृश्य, देवळाच्या पायरीवर पखवाज पुसत बसलेले बुवा, पंचवीस चौकटींतच आम्हाला खरे वाटते. पण वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर लग्नाच्या, बारशाच्या, गावच्या सप्ताहाच्या मिनी-डीव्ही कॅसेटी पडून असतील त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की त्या संगणकावर घेताना प्रथम जशाच्या तशा घ्याव्यात. पन्नास फील्ड, ४:३ चौकट, भडक पांढरे ऊन, सारे काही. चालणारे कॅमेरे दरवर्षी कमी होत आहेत. सिनेमा करावयाचा तो त्या प्रतीच्या प्रतीवर करावा. त्या तरुणाला आम्ही शेवटी लघुपटाच्या ध्वनीची स्वतंत्र प्रत करून दिली. ध्वनीतले आम्ही काहीच टाकले नव्हते.